इथपर्यंत वाचणाऱ्यास चहा

घरी बसून काम करणाऱ्या माणसाचा हेवा करणारे पुष्कळ भेटतात. गर्दीत चेंगरायचं नाही, साहेबाचं तोंड बघायचं नाही, खाली घरातला पायजमा नि वर इस्त्रीचा शर्ट घातला की झालं ऑफिस! वाचकहो, तुमच्याही घरात किंवा शेजारी असा एखादा जीव असेल. एकदा मुद्दाम त्याच्या खोलीचं दार लोटून बघा. आत दिवसभर माणसाचा आवाज नसतो.

आपला प्रोग्रॅमर अशाच एका खोलीत राहत होता. खिडकीपाशी टेबल, टेबलावर दोन स्क्रीन, खुर्चीच्या पाठीला टॉवेल आणि हाताशी कालचा कप. त्याच्या टीममधली माणसं चार गावी विखुरलेली. एकमेकांना त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. आठवड्याची मीटिंग व्हायची तीही कॅमेरे बंद ठेवून. काळ्या चौकोनांशी बोलून मीटिंग संपली की खोली आणखीच रिकामी वाटायची.

काम मात्र मोलाचं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही कंपनी एक सेवा चालवायची. माणसाच्या घरी एक बटणाचं यंत्र द्यायचं. सकाळी उठलं की त्याने ते बटण दाबायचं, म्हणजे आपण ठीक आहोत असं कळवायचं. ठरल्या वेळेपर्यंत बटण दाबलं गेलं नाही, तर केंद्रातली बाई फोन करायची. फोन उचलला नाही, तर ज्या शेजाऱ्याकडे घराची चावी असेल त्याला पळवायची. कोणाला फोन करायचा आणि कोणाला नाही हे ठरवणारा प्रोग्रॅम या टीमचा.

अशा कामात चूक होऊ नये म्हणून कंपनीचा नियम होता: एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून तपासल्याशिवाय पुढे जायचा नाही. याला ते रिव्ह्यू म्हणत. नियम उत्तम होता. फक्त तो कोणी पाळत नव्हतं! कोणीही बदल पाठवला की दुसरा त्याखाली वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकायचा आणि मोकळा व्हायचा. तू माझ्या कामाला अंगठा दे, मी तुझ्या कामाला देतो, असा बिनबोभाट व्यवहार. आपल्या प्रोग्रॅमरचा अंगठा तर इतका चपळ, की टीमने त्याचं नावच ‘झटपटराव’ ठेवलं होतं. त्यालाही ते आवडायचं. दुसरं कोणी त्याला हाक मारत नव्हतं ना!

पण झटपटराव पहिल्यापासून असा नव्हता. नोकरीच्या सुरुवातीला त्याने एका सहकाऱ्याचा कोड ओळ न् ओळ वाचला होता आणि खाली मनापासून शंका लिहिल्या होत्या. उत्तर आलं, “तुला बरीच सवड दिसते.” त्या एका वाक्यावर त्याने कानाला खडा लावला. पुढे त्याने स्वतः जीव ओतून काही लिहिलं, दोन रात्रींची झोप घालवून एखादी गाठ सुंदर सोडवली, तरी खाली तोच अंगठा. छान म्हणणारं कोणी नाही, चुकलं म्हणणारंही नाही. एकदा चिडून त्याने कोडच्या मधोमध एक ओळ घुसवली. अशा ओळी यंत्र वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. त्याने लिहिलं: ‘इथपर्यंत वाचणाऱ्यास माझ्यातर्फे चहा.’

त्या ओळीवरून टीमचे सगळे अंगठे गेले. चहा कोणी मागितला नाही. पहिले काही दिवस तो वाट बघत होता, मग विसरून गेला.

त्याचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, त्याची आत्या. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्याची नोकरी तिने केली होती. आई-वडिलांच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं. आता ती दुसऱ्या गावी आपल्या जुन्या जागेत एकटी राहायची. खाली एका शिंप्याचं दुकान होतं. तो रेडिओ मोठ्याने लावायचा आणि आत्या जिन्यातून त्याच्यावर रोज तोंडसुख घ्यायची. दोघांचाही दिवस त्याशिवाय सुरू होत नसे. बटणाचं यंत्र झटपटरावनेच तिच्याकडे बसवून घेतलं होतं आणि चावी शिंप्याकडे ठेवली होती.

एकदा त्याने आग्रह करून तिला आपल्याकडे राहायला बोलावलं. त्याच सुमारास त्यांच्या सेवेत एक नवी सोय सुरू झाली होती. माणूस परगावी गेला, तर मोबाइलवरून ‘बाहेरगावी’ अशी खूण करायची, म्हणजे केंद्रातून उगाच फोन जात नाहीत. झटपटरावने आत्यासाठी ती खूण केली. परतीची तारीख विचारली, तर ती म्हणाली, “कंटाळा आला की जाईन.” त्याने तारखेची जागा रिकामी सोडली.

कंटाळा लवकरच आला. तो दार लावून स्क्रीनसमोर, ती बाहेरच्या खोलीत भिंतींसमोर. जेवायला तो यायचा तेव्हाही त्याचे डोळे मोबाइलवर. तिने दोनदा दार वाजवून चहा विचारला, दोन्ही वेळा आतून “नंतर” असं उत्तर आलं. एके सकाळी तिने पिशवी भरली.

“रागावलीस?” त्याने विचारलं.

“छे रे. तिकडे निदान शिंप्याशी भांडता तरी येतं.”

त्याला ते लागलं. पण स्क्रीनवर कोणाचा तरी बदल येऊन पडला होता. त्याने अंगठा टाकला, तिला गाडीत बसवून दिलं आणि परत खुर्चीत येऊन बसला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, टळटळीत दुपारी, शिंप्याचा फोन आला. आत्या न्हाणीघरात घसरून पडली होती. सकाळी उठल्या उठल्याच, बटण दाबायच्या आधी. शिंपी सांगत होता, “दुपार झाली तरी ताई ओरडल्या नाहीत. मी मुद्दाम रेडिओ आणखी मोठा केला. तरी नाही. मग मला राहवेना. चावी घेऊन वर गेलो.”

झटपटराव मिळेल त्या गाडीने निघाला आणि थेट हॉस्पिटलमध्ये पोचला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. कमरेचं हाड तर पडल्यावर मोडलंच होतं, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण ओल्या फरशीवर इतका वेळ पडून राहिल्याने अंग गारठलं होतं, छाती भरली होती. सकाळीच आणलं असतं तर इतकं झालं नसतं. आता रात्र कशी जाते ते बघायचं. काचेपलीकडे आत्या नळ्यांच्या जंजाळात डोळे मिटून पडली होती. जिन्यातून ओरडणारी बाई ती हीच, हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं.

त्याने केंद्राला फोन लावला. माझ्या आत्याला सकाळी फोन का गेला नाही? तिथल्या बाईंनी बघून सांगितलं, “त्या बाहेरगावी आहेत ना? आमच्या यादीत कधीपासून त्यांचं नावच येत नाही.”

आता त्याला उलगडा झाला. आत्या परत गेल्यापासून रोज सकाळी बटण दाबत होती. यंत्रावर दिवा लागायचा, ‘धन्यवाद’ अशी अक्षरं उमटायची. आभार मानायचं काम यंत्र आपलं आपणच करायचं. केंद्रातल्या प्रोग्रॅमच्या लेखी मात्र ती परगावीच होती. परतीची तारीख रिकामी, म्हणून खूण निघालीच नाही, आणि ती काढायचं त्याच्याही लक्षात राहिलं नाही. कितीही वेळा बटण दाबलं असतं तरी निघाली नसती.

त्याने तिथेच बाकावर लॅपटॉप उघडला आणि ही सोय कोणी लिहिली ते शोधलं. नाव निघालं टीममध्ये सर्वांत शेवटी आलेल्या मुलीचं. तिला सगळे नुसतं ‘नवी’ म्हणत. कुठल्याशा गावात भाड्याच्या खोलीत राहून ती काम करायची. झटपटरावने तिचा आवाजही कधी नीट ऐकला नव्हता. आज ऐकणार होता. त्याने फोन लावला आणि ती “हॅलो” म्हणायच्या आत तोंडाचा पट्टा सोडला. डोकं ठिकाणावर होतं का? रिकाम्या तारखेचा विचार करायचा नाही? इथे माझं माणूस मरणाच्या दारात पडलंय!

ती सगळं ऐकून घेत राहिली. तो दम खायला थांबला तेव्हा अगदी हळू म्हणाली, “सर, मी विचारलं होतं.”

“कोणाला?”

“तुम्हाला. बदलाखाली लिहिलं होतं.”

त्याने पान खाली सरकवलं. नवीने लिहिलं होतं: ‘परतीची तारीख रिकामी असेल तर काय करावं? बटण दाबल्यावर खूण आपोआप निघायला हवी का? मला खात्री नाही. कृपया कोणीतरी बघाल का?’ आणि त्या ओळींच्या अगदी खाली, लिहिल्याचा क्षण उलटतो न उलटतो तोच, एक अंगठा होता. त्याचा!

जिच्यावर तो आग पाखडत होता तिने जणू दार वाजवून विचारलं होतं, आणि त्याने आतून “नंतर” एवढंही म्हटलं नव्हतं.

“मला वाटलं, तुम्ही वाचलंत,” नवी म्हणाली. “म्हटलं, झटपट उत्तर आलं म्हणजे माझी शंकाच खुळ्यासारखी असणार. आधीही दोन-तीनदा असंच झालं होतं. मग मी विचारायचंच सोडून दिलं.” ती पुढे म्हणाली, “इथे मी कोणाला ओळखत नाही, सर. दिवस दिवस कोणाशी बोलणं होत नाही. तुमचा अंगठा आला की वाटायचं, चला, कोणीतरी बघून गेलं.”

झटपटरावच्या डोळ्यांतून पाणी आलं. समोरून जाणाऱ्या नर्सने बघितलं, त्याला त्याचं काही वाटलं नाही. “चूक तुझी नाही,” तो म्हणाला. “माझी आहे. आता आपण दोघं मिळून दुरुस्त करू. फोन ठेवू नकोस.”

बटण दाबलं की खूण निघावी, एवढा बदल त्याने लिहिला आणि तिच्याकडे पाठवला. मग आयुष्यात पहिल्यांदा तो कोणालातरी म्हणाला, “नीट वाच. घाई करू नकोस. शंका आली तर सांग, कितीही फालतू वाटली तरी.”

पलीकडे ती वाचत होती. मधूनच एखादी ओळ मोठ्याने म्हणायची. त्या आवाजाचा त्याला केवढा आधार वाटला! इतकी वर्षं कोड लिहिला, पण कोणीतरी तो वाचतंय हे कधी कानांनी ऐकलं नव्हतं.

“सर, एक विचारू? ज्यांची खूण आत्ता अडकलेली आहे, त्यांनी उद्या बटण दाबलं की ती निघेल. पण उद्या दाबायच्या आधीच कोणी पडलं तर? किंवा आत्ताच कोणी पडलेलं असलं तर?”

हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आत्याच्या काळजीत त्याने उद्याचा विचार केला होता. आज, या घडीला, आणखी किती म्हातारी माणसं यादीतून गळून पडली असतील याचा केलाच नव्हता. त्याने तत्काळ केंद्राला कळवलं. अडकलेल्या सगळ्यांची नावं काढून तिथल्या बायकांनी फोन सुरू केले. बहुतेक जण घरी सुखरूप होते, “आज कशी आठवण झाली?” म्हणून उलट त्यांनीच विचारलं. एक आजोबा मात्र फोन उचलेनात. शेजारीण चावी घेऊन गेली, तर ते तापाने फणफणून पलंगावर पडलेले. घोटभर पाणी घ्यायलाही उठवत नव्हतं. त्यांना वेळेवर हॉस्पिटलमध्ये नेलं. नवीने ती शंका विचारली नसती तर? झटपटरावला पुढचा विचार करवेना.

“झालं सगळं वाचून?” बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

“हो. आता बरोबर आहे.” मग ती घुटमळली. “सर, तुमच्या जुन्या कोडच्या मधोमध एक ओळ आहे. चहाची. ती खरी आहे का?”

त्याला आधी काही कळेचना. मग आठवलं, आणि हसू आणि रडू त्याला एकदमच आलं. “खरी आहे,” तो म्हणाला. “तू पहिलीच.”

आत्याने ती रात्र काढली, पुढच्याही काढल्या. शस्त्रक्रिया झाली, छाती मोकळी झाली, आवाज परत आला. आवाज आला तसा झटपटरावचा जीव अधिकच घाबरला, कारण आता त्याला तिला खरं सांगायचं होतं. एका दुपारी तिच्या उशाशी बसून त्याने काही न लपवता सगळं सांगितलं. आत्या छताकडे बघत ऐकत होती.

“रोज सकाळी मी ते बटण दाबायची,” शेवटी ती म्हणाली. “धन्यवाद यायचं. मी त्याच्याशी दोन शब्द बोलायचीसुद्धा. आज गुडघा दुखतोय, आज शिंप्याने कहर केलाय. मला वाटायचं, पलीकडे कोणीतरी आहे.”

सवयीने तो म्हणाला, की सगळीकडे असंच चालतं, आत्या. कामाचा रेटा असतो. आणि प्रत्येकाचं काम खोदून बघत बसलं तर त्याला वाटतं, आपल्यावर विश्वास नाही.

“विश्वास?” आत्याने मान वळवली. “अरे, आम्ही एक्स्चेंजमध्ये फोन जोडला की लगेच कान काढून घेत नव्हतो. पलीकडचा ‘हॅलो’ म्हणेपर्यंत थांबायचो. पलीकडे कोणी नसेल तर हा बिचारा एकटाच बोलत बसेल, म्हणून. तुम्ही नुसती तार जोडता आणि निघून जाता. न वाचता बरोबर आहे म्हणणं हा विश्वास नव्हे बाळा, ती टाळाटाळ आहे. त्या पोरीने शंका विचारली तेव्हा तिला उत्तर नको होतं नुसतं. सोबत हवी होती. आणि तुलाही हवी होती, नाहीतर चहाची ओळ कशाला लिहिली असतीस?” मग तिचा नेहमीचा सूर लागला. “एवढा शिकवला तुला, आणि शेवटी अंगठाबहाद्दरच निघालास!”

तो हसला. पण तिचं बोलणं त्याच्या मनातून गेलं नाही.

पुढच्या मीटिंगला त्याने पहिल्यांदा आपला कॅमेरा सुरू केला. दाढी वाढलेली होती, मागे हॉस्पिटलची भिंत होती. घडलं ते त्याने टीमला आणि टीम सांभाळणाऱ्या मॅडमना सांगितलं, दोष स्वतःकडे घेतला. मग म्हणाला, यापुढे माझ्याकडून कोणाला नुसता अंगठा मिळणार नाही. मी वाचीन, आणि वाचल्याची खूण म्हणून निदान एक शंका किंवा एक चांगली गोष्ट लिहीन. माझं कामही तसंच वाचा. एकजण कुरकुरला, की काम खोळंबेल. तेवढ्यात मॅडमचा चौकोन उजळला. त्यांचे केस पांढरे होते, हे टीमला त्या दिवशी कळलं. “खोळंबू दे,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः किती दिवसांत काही वाचलेलं नाही.”

काम थोडं खोळंबलं, हे खरं. पण दुपारच्या वेळी झटपटरावच्या खोलीतून आता माणसांचे आवाज येऊ लागले. कोणी अडलं की फोन लावायचं आणि दोघांनी मिळून वाचायचं. कधी वाद व्हायचा, कधी कोणी रुसायचं, पुन्हा बोलायचं. त्याचं नाव तेवढं झटपटरावच राहिलं, आता चेष्टेने, कारण टीममध्ये सर्वांत हळू वाचणारा तोच होता.

काठी टेकत चालता येऊ लागल्यावर आत्या हट्टाने आपल्या घरी परतली. तिला पोचवायला तो गेला, आणि कबूल केल्याप्रमाणे नवीलाही तिथेच चहाला बोलावलं. नवी अंगाने लहानखुरी, बोलायला लाजरी निघाली. आत्याच्या छोट्या स्वयंपाकघरात झटपटरावने स्वतः चहा केला. साखर जास्त पडली. नवीने कप तोंडाला लावला, खाली ठेवला आणि म्हणाली, “सर, एक शंका आहे.” यावर आत्या इतकी हसली, की खालून शिंप्याने रेडिओ बंद करून विचारलं, ताई, सगळं ठीक आहे ना?

वाचकहो, आपण सगळेच कोणाच्या ना कोणाच्या कामाखाली सही करत असतो. मुलाच्या वहीवर, सहकाऱ्याच्या कागदावर, घरच्या माणसाच्या बोलण्यावर “हं, हं” म्हणून. ती सही करण्याआधी एकदा खरोखर वाचा. चूक सापडेल म्हणून तर वाचाच; पण ज्याने ते लिहिलंय तो माणूस पलीकडे एकटा बसून वाट बघत असतो, म्हणूनही वाचा. दुसऱ्याचं काम मन लावून बघणं हा त्याचा अपमान नाही. त्याच्यासाठी आपण करू शकतो अशी ती सर्वांत साधी आणि सर्वांत मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने बटण दाबलं. दिवा लागला, धन्यवाद आलं. ती थोडा वेळ त्या यंत्रापाशी उभी राहिली, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“आत्याबाई, मी नवी बोलतेय,” पलीकडून आवाज आला. “काही नाही. बटण दाबलेलं दिसलं, म्हणून म्हटलं सांगावं, की मी बघितलं.”